गो. नी. दांडेकर

गोपाळ नीलकंठ दांडेकर ऊर्फ गोनीदा (जन्म : परतवाडा, अमरावती जिल्हा, ८ जुलै १९१६, मृत्यू : पुणे, १ जून १९९८) हे मराठी कादंबरीकार, ललित लेखक, चरित्रकार आणि दुर्गभ्रमण करणारे प्रवासी होते. कादंबरी, ललित गद्य, चरित्र, प्रवासवर्णन, नाटक आणि कुमारसाहित्य अशा विविध प्रकारांत त्यांनी लेखन केले. ‘स्मरणगाथा’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीसाठी त्यांना १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे दीर्घ वास्तव्य मावळातील तळेगाव दाभाडे येथे होते. मावळातील डोंगर, किल्ले आणि त्यांच्या माथ्यांवर व पायथ्यांशी राहणारी माणसे हा त्यांच्या जीवनाचा आणि साहित्याचा एक मुख्य विषय राहिला.

प्रारंभीचे जीवन

दांडेकरांचा जन्म विदर्भात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, शाळकरी असतानाच, स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीने त्यांनी घर सोडले. त्यामुळे त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. पुढील काही वर्षे त्यांनी भटकंतीत, अनिश्चित अवस्थेत आणि अनेकदा भिक्षेवर काढली. या काळात त्यांना संत गाडगे महाराजांचा सहवास लाभला. हातात खराटा घेऊन गावोगाव पायी हिंडणारा हा संत त्यांनी जवळून पाहिला आणि त्याचा ठसा त्यांच्यावर कायम राहिला. गाडगे महाराजांचे चरित्र त्यांनी पुढे लिहिले. संतवाङ्मय आणि वेदान्त यांचा अभ्यासही त्यांनी याच भ्रमंतीच्या वर्षांत केला. औंध येथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडेही त्यांनी काही काळ काम केले.

नर्मदा परिक्रमेचा अनुभव हा या कालखंडातील आणखी एक महत्त्वाचा टप्पा होय. परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता चालावयाचे असते. मुक्काम मिळेल तेथे करावयाचा आणि अन्न मिळेल ते घ्यावयाचे, असा तिचा शिरस्ता आहे. या अनुभवाच्या आधारे त्यांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी लिहिली. घर सोडल्यामुळे आईवडिलांच्या वाट्याला आलेले दुःख आणि स्वतःच्या मनातील त्याची बोच ‘स्मरणगाथा’त आढळते. त्यामुळे त्या ग्रंथात भ्रमंतीचा आनंद आणि तिची किंमत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

तळेगाव आणि मावळ

विवाहानंतर दांडेकर तळेगाव दाभाडे येथे स्थायिक झाले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास त्यांनी केवळ लेखनावर उपजीविका करण्याचा निर्णय घेतला. मराठीत लेखनावर घर चालवणे त्या काळी धाडसाचे होते. या संसाराचा भार पत्नी नीरा दांडेकर यांनी मोठ्या प्रमाणात पेलला.

तळेगाव हे पुणे–मुंबई लोहमार्गावरील गाव असून मावळच्या पूर्व अंगाला आहे. येथून पश्चिमेकडे लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले जवळ पडतात. लोणावळ्यापर्यंत रेल्वेने जाऊन पुढे राजमाचीची वाट धरता येते. इंद्रायणीकाठचे देहू आणि तुकाराममहाराजांच्या चिंतनाशी निगडित असलेले भंडारा व भामचंद्र हे डोंगरही याच परिसरात आहेत. भारतभर हिंडलेल्या दांडेकरांना येथे पायाखालचा मुलूख मिळाला. पूर्वीची भ्रमंती पुढे पुढे जाणारी होती. मावळात आल्यानंतर मात्र ते त्याच त्या डोंगरांवर वारंवार जाऊ लागले.

राजमाची आणि ‘माचीवरला बुधा’

राजमाची हा किल्ला लोणावळ्याच्या उत्तरेस, सह्याद्रीच्या ऐन कड्यालगत आहे. बोरघाटातील जुन्या व्यापारी मार्गावर नजर ठेवणारा हा किल्ला श्रीवर्धन आणि मनरंजन अशा दोन बालेकिल्ल्यांचा असून दोहोंच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचे मंदिर आहे. बालेकिल्ल्यांच्या खालच्या सपाटीस माची म्हणतात. तेथे उधेवाडी ही छोटी वस्ती आहे. लोणावळ्याहून तुंगार्ली व वळवंडमार्गे येणारी वाट सुमारे पंधरा किलोमीटरची आहे. ती डोंगराच्या सपाटीवरून, रानातून आणि ओढ्यांतून जाते. कोकणाच्या बाजूने कर्जतजवळील कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांमार्गे उभ्या चढणीची दुसरी वाट आहे. पावसाळ्यात या भागात प्रचंड पाऊस पडतो. माथ्यावर दिवसचे दिवस धुके असते, ओढे भरून वाहतात आणि पूर्वी वाडीचा बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटत असे.

दांडेकरांनी १९५० च्या दशकात लिहिलेल्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीची भूमी हीच माची आहे. मुंबईत आयुष्याची अनेक वर्षे काढलेला बुधा हा म्हातारा आपल्या मूळ ठिकाणी, राजमाचीवर परत येतो आणि उरलेले आयुष्य तेथे एकट्याने काढतो. झाडे, पशुपक्षी, वारा आणि पाऊस हेच त्याचे सोबती होतात. कादंबरीत प्रसंग थोडे आणि संवाद त्याहून थोडे आहेत. ऋतू बदलतात, त्यांबरोबर माची बदलते आणि माचीबरोबर बुधा बदलत जातो.

या कादंबरीपूर्वी मराठी कथासाहित्यात किल्ला प्रामुख्याने इतिहासाचे स्थान म्हणून येत असे. लढाया, वेढे आणि पराक्रमी पुरुष यांची ती पार्श्वभूमी असे. ‘माचीवरला बुधा’मध्ये राजे आणि सरदार नाहीत. सैन्य निघून गेल्यानंतर, तटबंदी ढासळल्यानंतरही त्या डोंगरावर जी माणसे राहिली, त्यांपैकी एकाची ही कथा आहे. ओसाड वाटणारा डोंगर वस्तुतः ओसाड नाही, ही जाणीव या कादंबरीने मराठी वाचकाला दिली.

पवन मावळ आणि दुर्गकथा

‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी पवन मावळात, तुंग किल्ल्याच्या परिसरात घडते. मावळी शेतकऱ्याचे घर, त्याचा मान, भाऊबंदकी आणि जमिनीवरील जीव यांचे चित्रण तीत आहे. पुढे पवना नदीवर धरण झाले आणि खोऱ्यातील अनेक गावे व शेते जलाशयाखाली गेली. त्यामुळे धरणापूर्वीच्या पवनाकाठच्या जीवनाची नोंद म्हणूनही या कादंबरीला महत्त्व आहे. या कादंबरीवर त्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला.

कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर समाजाचे जीवन ‘जैत रे जैत’मध्ये, रायगडच्या कुशीतील जीवन ‘रानभुली’मध्ये आणि राजगडाचा परिसर ‘वाघरू’मध्ये आला आहे. ‘जैत रे जैत’वर जब्बार पटेल यांनी १९७७ साली त्याच नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याची गीते ना. धों. महानोर यांची, तर संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे होते.

दुर्गभ्रमण

दांडेकरांचे दुर्गभ्रमण अनेक दशके चालू होते. एखादा किल्ला एकदा पाहून संपतो, असे ते मानत नसत. रायगड, राजगड, तोरणा आणि मावळातील किल्ले त्यांनी वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा पाहिले. दरवाजे, तट, टाकी आणि चोरवाटा यांच्या बरोबरीने गडाखालच्या वाड्यांतील माणसांची बोली, त्यांच्या आठवणी, झाडांची व पाखरांची स्थानिक नावे यांकडे त्यांचे लक्ष असे. किल्ल्यांची छायाचित्रेही त्यांनी मोठ्या प्रमाणात काढली. ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

‘किल्ले’, ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ या पुस्तकांत हे अनुभव संकलित झाले आहेत. स्थलवर्णन, इतिहास, वाटेवरचे प्रसंग आणि सोबत्यांची व्यक्तिचित्रे यांची सरमिसळ हे या लेखनाचे वैशिष्ट्य होय. संशोधकाची तटस्थता हा त्याचा उद्देश नाही. शिवकालाविषयीची त्यांची भक्ती त्यात उघडपणे दिसते. महाराष्ट्रात डोंगरभटकंती तरुणांमध्ये रुजली, त्या काळात ही पुस्तके अनेकांच्या हाती होती आणि त्यांनी वाचकांना प्रत्यक्ष गडावर जाण्यास प्रवृत्त केले.

इतर साहित्य

‘शितू’ आणि ‘पडघवली’ या कादंबऱ्यांत कोकणातील निसर्ग व मोडत चाललेले ग्रामजीवन, तर ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये वऱ्हाडातील जीवन आहे. ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीवर आधारलेली आहे. ‘मोगरा फुलला’, ‘तुका आकाशाएवढा’ आणि ‘दास डोंगरी राहतो’ या कादंबऱ्या अनुक्रमे ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास यांच्या जीवनावर आहेत. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ या शिवकालावरील कादंबऱ्या होत. वऱ्हाडी, कोकणी वळणाची मराठी, मावळी आणि ठाकरी अशा भिन्न बोलींचा सहज वापर हा त्यांच्या लेखनाचा विशेष मानला जातो. या बोली त्यांनी त्या त्या प्रदेशात राहून व हिंडून आत्मसात केल्या होत्या.

मूल्यमापन

दांडेकरांच्या साहित्यावर भावविवशतेचा आणि जुन्या ग्रामव्यवस्थेकडे ममतेने पाहण्याचा आक्षेप घेतला जातो. डोंगरातील एकांताचे आकर्षण रंगवताना तेथील दारिद्र्य, आजारपण आणि रस्ता, वीज, दवाखाना यांचा अभाव त्यांच्या लेखनात पुरेसा येत नाही, असेही म्हणता येते. बुधाने निवडलेला एकांत उधेवाडीच्या सर्वच रहिवाशांनी निवडलेला नव्हता. मात्र ज्या माणसांची साहित्यात दखलही नव्हती, त्यांना त्यांच्या स्वतःच्या बोलीसह कादंबरीच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. निसर्ग हा पार्श्वभूमी म्हणून न येता पात्र म्हणून येणे, हे त्यांच्या कादंबरीचे मराठीतील वेगळेपण होय.

अखेर आणि वारसा

१ जून १९९८ रोजी पुणे येथे दांडेकरांचे निधन झाले. त्यांच्या कन्या वीणा देव यांनी ‘आशक मस्त फकीर’ हे त्यांचे चरित्र लिहिले. वीणा देव, जामात विजय देव आणि नात, अभिनेत्री मृणाल कुलकर्णी, यांनी त्यांच्या कादंबऱ्यांच्या जाहीर अभिवाचनाचे कार्यक्रम केले. गो. नी. दांडेकर दुर्गप्रेमी मंडळाच्या वतीने दुर्ग साहित्य संमेलने भरवली जातात. त्यांपैकी पहिले संमेलन राजमाचीवर झाले.

आता पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी लोणावळा आणि राजमाचीच्या परिसरात पर्यटकांची मोठी गर्दी होते. दांडेकरांनी पाहिलेली निर्जन माची त्या दिवसांत तेथे आढळत नाही. गर्दी ओसरल्यानंतर मात्र बालेकिल्ले, भैरवनाथाचे मंदिर, उधेवाडी आणि भोवतालचे रान यांवरून ‘माचीवरला बुधा’मधील भूमी आजही ओळखता येते.