'तू' नव्हे, 'आपण'
बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले. त्यांनी फारसी घेतली. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राबरोबर प्राथमिक जर्मनही शिकले. १९२१ साली बॉन विद्यापीठाला त्यांनी प्रवेशासाठी जर्मनमध्येच पत्र लिहिले.

जर्मनचा सुरुवातीचा धडा सर्वनामांचा. 'इश' म्हणजे मी, 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे आपण. अनोळखी प्रौढाला 'झी'च म्हणायचे, लिहिताना त्याचे पहिले अक्षर मोठे काढायचे. इकडे आमच्या वाडवडिलांना गावाने सत्तरीतही 'अरे-तुरे'च केले. वकिली करताना आम्ही पाहतो, गरीब पक्षकाराला कचेरीत आजही एकेरीच हाक मिळते. बांधवांनो, परकी भाषा जरूर शिका. पण 'आपण' म्हणवून घेण्याचा हक्क आधी मायबोलीत मिळवा.