सात हजारांचं देणं

खरं सांगा, तुम्हाला स्पर्धेला पाठवण्यासाठी तुमच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, तर रात्री झोप लागेल तुम्हाला? आपल्या कोल्हापुरात हे घडलंय. साल १९५२. कॉलेज राजाराम, प्राचार्य खर्डेकर आणि त्यांच्या कॉलेजात शिकलेले पैलवान खाशाबा जाधव.

खाशाबा मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेबही पैलवान. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये असताना ४२ चा लढा पेटला. त्यात शाळकरी खाशाबांनी क्रांतिकारकांना लपायला आसरा दिला, पत्रकं वाटली.

मग कोल्हापूर. तालीम म्हटलं की आज तुम्हाला आधी फुटबॉल आठवतो, पाटाकडील विरुद्ध दिलबहार वगैरे. तेव्हा तालीम म्हणजे लाल माती. खाशाबांची चण इतकी लहान, की कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडाशिक्षक त्यांना उतरूच देईनात. ते तडक प्राचार्यांकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या गड्याने आपल्याहून थोराड पोरांना आस्मान दाखवलं.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीतला पैलवान एकदम मॅटवर, नियमही नवे. तरी सहावा नंबर!

चार वर्षांनी हेलसिंकी. पुन्हा पैशांचा प्रश्न. खाशाबा वर्गणीसाठी दारोदार फिरले. कमी पडलेले ७,००० रुपये खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभे केले. तेव्हाचे सात हजार, लक्षात घ्या.

५७ किलो गटात खाशाबा एकेक कुस्ती मारत पुढे गेले. जपानच्या इशीशी झुंज लांबली आणि ते गुणांवर हरले. अंगातला घाम वाळायच्या आत पुढच्या कुस्तीसाठी पुकारा झाला, समोर सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण ते ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. ही कुस्तीही गेली. हाती आलं ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! पुढचं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं.

परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे सगळे सांगतात. त्यानंतरचं फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तेच पदकाइतकं मोठं वाटतं. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. सत्तावीस वर्षं नोकरी केली, खात्यातल्या स्पर्धाही मारल्या. एवढं करून शेवटी पेन्शनसाठी झगडावं लागलंच. १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण मरणोत्तर.

आता १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन असतो. त्या दिवशी तुमच्या कॉलेजात कार्यक्रम झालाच, तर भाषण करणाऱ्याला खर्डेकरांच्या घराचं तेवढं विचारा.