पानिपतचा जमाखर्च

पानिपतचा विषय निघाला की आमच्याकडील पुष्कळ मंडळी दैवाकडे बोट दाखवून मोकळी होतात. कोणी होळकरांस दोष देतो, कोणी विश्वासरावांस लागलेल्या गोळीस. आमच्या मते हा केवळ विचाराचा आळस होय. सदाशिवरावभाऊंचे चरित्र नीट पाहिले असता पराभवाची बीजे रणांगणावर नव्हे, त्याच्या कित्येक महिने आधी पेरली गेली, असे दिसून येईल.

चिमाजीअप्पांचे हे चिरंजीव १७३० साली जन्मले. आई लहानपणीच निवर्तली. १७४० साली वडीलही गेले. पुढे नानासाहेब पेशव्यांचे कारभारी म्हणून त्यांनी दौलतीच्या हिशेबास शिस्त लाविली. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीर येथे इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या बळावर निजामास नमवून त्यांनी सुमारे ६० लक्षांचा मुलूख मिळविला. इकडे जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. सबब अब्दालीच्या पारिपत्याची कामगिरी भाऊंकडेच आली. परंतु त्यांचा सारा अनुभव कर्नाटक व दक्षिणेतला. उत्तरेची माणसे, नद्या व ऋतू त्यांस अपरिचित होते.

बाजारबुणगे, यात्रेकरू व बायकामुले यांचा मोठा समुदाय फौजेबरोबर होता. तो मागे ठेवून सडे लढावे, हा सुरजमल जाटाचा सल्ला मानला गेला नाही, असे सांगतात. पुढे जाट रुसून निघून गेला व त्याबरोबर रसदेचा हुकमी आधारही गेला. अयोध्येचा शुजाउद्दौला शत्रूस मिळाला. उत्तरेतील रजवाडे आमच्या वसुलीस आधीच विटले होते. हा दोष एकट्या भाऊंचा नव्हे, परंतु त्याचे फळ त्यांच्या पदरी आले.

ऑगस्टात दिल्ली घेतली, तो खजिना रिता! दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून फौजेचा खर्च भागवावा लागला. ऑक्टोबरात भाऊ कुंजपुरा घेण्यास उत्तरेकडे गेले. पाठीमागे यमुनेचे उतार राखण्याची पुरेशी तजवीज नव्हती. अब्दाली बागपताजवळ नदी उतरला आणि दिल्ली व दक्षिण यांचा रस्ता तुटला. आमच्या मते युद्ध हरले ते येथे. त्यानंतर सुमारे अडीच महिने भाऊ पानिपतास खंदक खणून बसले. शत्रूची रसद तोडू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. जनावरे मरू लागली, माणसे उपाशी राहिली. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज लढावयास निघाली ती अन्नावाचून. दुपारपर्यंत ती पराक्रमाने लढली. विश्वासराव पडताच भाऊ स्वतः गर्दीत घुसले, आणि सैन्यास सेनापती उरला नाही.

भाऊ पळाले नाहीत. त्यांच्या शौर्यास आम्ही वंदन करितो. पण ज्याने पुण्याच्या दप्तरात पैचा हिशेब घेतला, त्याने दाणागोटा, मित्र व माघारीची वाट यांचा हिशेब वेळीच घेतला नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

दिवाळीस वहीपूजन करणारा व्यापारी बुडीत रक्कम दैवाच्या नावे मांडीत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या सौद्यात चूक झाली ते शोधतो. आपल्या वीरांच्या चरित्रांस व आजच्या पुढाऱ्यांच्या कारभारासही हाच नियम लाविला पाहिजे. एखादा बेत फसला की आपण पानिपत झाले म्हणतो. बागपताचा उतार मोकळा कोणी सोडला, हे मात्र कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारणे हा वीराचा अपमान नव्हे. लढाईत खपलेल्या हजारो निनावी माणसांचे ते देणे आहे.