कँटनचा लामक्वा

कँटन शहरात न्यू चायना स्ट्रीट नावाच्या गल्लीत एक तीन मजली दुकान होते. तळमजल्यावर तयार चित्रे विकायला मांडलेली. मधल्या मजल्यावर आठ-दहा कारागीर बाह्या सारून, लांब वेण्या गुंडाळून कामाला बसलेले. सर्वांत वर मालकाची स्वतःची खोली. तिथे तो गिऱ्हाइकाला समोर बसवून तैलरंगात त्याचा चेहरा काढी. या मालकाला परदेशी लोक लामक्वा म्हणत. हे काही त्याचे घरचे नाव नव्हे. ‘क्वा’ हा आपल्याकडच्या ‘शेठ’सारखा, व्यापाऱ्याच्या नावाला जोडायचा मान. खरे नाव ग्वान छ्याओछांग, जन्म १८०१ चा. जगाने मात्र त्याला दुकानावरच्या नावानेच ओळखले.

हे दुकान चालले कशावर, हे समजायला त्या बंदराची रीत ठाऊक हवी. समुद्रमार्गे येणाऱ्या पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना १७५७ पासून १८४२ पर्यंत चीनमध्ये कँटन हे एकच बंदर मोकळे होते. जहाजाने नदीत खालच्या अंगाला, व्हाम्पोआला नांगर टाकायचा. व्यापाऱ्याने शहराच्या तटाबाहेर, काठावरच्या तेरा वखारींपैकी एकीत राहायचे आणि हंगाम संपला की मकावला निघून जायचे. बायकांना वखारीत मज्जाव. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू घेऊन जाणारे आपले पारशी व्यापारीही याच काठावर उतरत. पारशी घरांतून अजून जपलेल्या रेशमी भरतकामाच्या गारा साड्या त्याच व्यापाराच्या.

महिनोन् महिने घरापासून दूर राहिलेल्या माणसाला परतताना काहीतरी न्यावेसे वाटणारच. छायाचित्रे अजून यायची होती. तेव्हा कप्तान चित्रे नेत. बहुधा चारांचा संच असे: मकावची अर्धचंद्राकार किनारपट्टी, नदीच्या मुखावरचे किल्ले, व्हाम्पोआला उभी जहाजे आणि कँटनच्या वखारी. कुणाला आपल्याच जहाजाचे चित्र हवे असे. इथे चित्रकाराची खरी कसोटी लागे. कप्तानाला आकाशाचे रंग कमीअधिक चालतील, पण आपल्या जहाजाचा एक दोर चुकीच्या डोलकाठीला बांधलेला तो खपवून घेणार नाही. कँटनचे कारागीर काही खलाशी नव्हते. तरी त्यांची शिडे-दोर बिनचूक असत, ते गिऱ्हाईक इतके चिकित्सक म्हणूनच. लामक्वाचा धाकटा भाऊ तिंग्क्वा याचीही अशीच चित्रशाळा होती. तो जलरंगात ही दृश्ये काढण्यात वाकबगार.

लामक्वाला पाश्चात्त्य पद्धतीचे तैलचित्र शिकवले कुणी? इथे जॉर्ज चिनरी हा इंग्रज येतो. १७७४ साली लंडनमध्ये जन्मलेला हा गुणी चित्रकार १८०२ मध्ये मद्रासला आला, पुढे कलकत्त्यात नावारूपाला आला आणि १८२५ मध्ये देणेकऱ्यांचा ससेमिरा चुकवून मकावला जाऊन राहिला. बायको मागोमाग येणार अशी आवई उठली की तो कँटनच्या वखारीत जाऊन बसे, असेही सांगतात. बायकांना मज्जाव होता ना! लामक्वा त्याचा शागीर्द म्हणून ओळखला जाई, पण चिनरीला ते मुळीच कबूल नव्हते. बँकेत उमर गेल्यामुळे माझी नजर अशा भांडणात आधी दराकडे जाते. लामक्वा चिनरीच्या धाटणीचे व्यक्तिचित्र त्याच्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात काढून देई. शागीर्दाला नाकारण्याचे कारण कलेपेक्षा गल्ल्यातच अधिक असावे, असे मला वाटते.

नक्कल करणारा हा शिक्का मात्र लामक्वाच्या माथी बसला. लंडनच्या रॉयल अकॅडमीत १८३५ साली त्याचे चित्र लागले, तरी तो पुसला गेला नाही. खरा चित्रकार कुठे दिसतो, तर एका इस्पितळात.

डॉ. पीटर पार्कर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरने १८३५ मध्ये कँटनला डोळ्यांचे इस्पितळ काढले. पण लवकरच तिथे मोठमोठ्या गाठी घेऊन माणसे येऊ लागली. चेहऱ्याएवढी गाठ वर्षानुवर्षे वागवणारे शेतकरी, बायका, मुले. भूल देण्याची युक्ती अजून निघायची होती. लामक्वाचा पुतण्या पार्करच्या हाताखाली शस्त्रक्रिया शिकत होता. १८३६ पासून लामक्वा या रोग्यांची चित्रे काढू लागला आणि त्याचे पैसे घेईना. दर मोजून घेणारा माणूस! शंभराच्या वर चित्रे त्याने काढली. ती पाहवत नाहीत आणि नजरही हटत नाही. कारण गाठ जशी आहे तशी काढलेली, पण वरचा चेहरा शांत, आपला आब राखून असलेला. ते रोगी नव्हेत, चित्रासाठी बसलेली प्रतिष्ठित माणसे वाटतात. वरच्या खोलीत कप्तानाला जो मान मिळे, तोच त्याने इथे फुकट दिला. यातली बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत.

मधल्या काळात अफूवरून युद्ध पेटले. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला, ते मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेले होते. तहाने पाच बंदरे खुली झाली आणि कँटनची मक्तेदारी संपली. १८५६ च्या डिसेंबरात त्या वखारी जळून गेल्या, पुन्हा कधी बांधल्या गेल्या नाहीत. चिनरी १८५२ मध्ये मकावलाच वारला, लामक्वा १८६० च्या सुमारास.

वखारींपुढची कुठली बाग कधी लावली, कुठल्या देशाचे निशाण कोणत्या साली फडकत होते, हे शोधायला अभ्यासक आता त्या दुकानी चित्रांकडेच वळतात. अमेरिकेतल्या सेलम गावच्या संग्रहालयात त्यांचा मोठा साठा आहे. त्यातल्या बहुतेक बंदरचित्रांवर सही नाही. मधल्या मजल्यावर पुष्कळदा पाणी एकाने रंगवलेले असे, जहाज दुसऱ्याने आणि काठावरची माणसे तिसऱ्याने.