पॉवर बटणामागचा माणूस : जोसेफ हेन्री

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांचा डेस्कटॉप बंद पडलेला होता. पॉवर बटण दाबलं की आत जायचं आणि आतच अडकून राहायचं. दुकानाचा आठ वर्षांचा हिशोब त्या मशीनमध्ये, बॅकअप अर्थातच नाही. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेलाय असं सांगून नव्या मशीनचा भावही देऊन ठेवला होता आणि बाबा जवळजवळ तयार झाले होते. मी कॅबिनेट उघडलं, मदरबोर्डवरच्या दोन छोट्या पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना जोडल्या, आणि पंखा फिरायला लागला. मदरबोर्ड ठणठणीत होता. मोडलं होतं ते फक्त बटण.

बाबांनी विचारलं, एवढ्या मोठ्या मशीनला नुसता स्क्रू ड्रायव्हर लावून कसं चालू केलंस? याचं उत्तर द्यायला मला जोसेफ हेन्रीपर्यंत मागे जावं लागतं. बारावीच्या फिजिक्समध्ये इंडक्टन्सचं एकक 'हेन्री' म्हणून तुम्ही पाठ केलंय, तोच हा माणूस. मीही तेवढंच पाठ केलं होतं. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत तो कोण होता हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

हेन्रीचा जन्म १७ डिसेंबर १७९७ चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा. घरची गरिबी, वडील लहानपणीच गेले. काही वर्षं तो आजीकडे गॅल्वे नावाच्या गावात राहिला, तिथल्या दुकानात काम केलं, आणि मग ऑल्बनीत एका घड्याळजी-चांदीकामवाल्याच्या हाताखाली लागला. अभ्यासात फार लक्ष नव्हतं, नाटकाचं वेड मात्र जबरदस्त होतं. सोळाच्या आसपास आजारी पडून घरात बसलेला असताना विज्ञानाचं एक सोपं पुस्तक त्याच्या हाती आलं आणि नाटक मागे पडलं. १८१९ मध्ये ऑल्बनी अकॅडमीने त्याला फी न घेता प्रवेश दिला. १८२६ मध्ये तो तिथेच गणित आणि विज्ञानाचा प्राध्यापक झाला. दिवसभर पोरांना शिकवायचं आणि मिळेल त्या सुट्टीत प्रयोग करायचे, असं त्याचं चाललं होतं.

त्या वेळी विद्युतचुंबक नवा होता. इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने १८२५ मध्ये लोखंडी नालावर तांब्याची उघडी तार गुंडाळून तो दाखवला होता. तार उघडी, त्यामुळे वेढे एकमेकांना लागले तर शॉर्ट. म्हणून वेढे लांबलांब आणि मोजकेच. हेन्रीने लोखंडाऐवजी तारेलाच रेशीम गुंडाळलं. आता वेढे खेटून घेता येत होते, थरावर थर चढवता येत होते. घरातला पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, यातलं कुठलंही कॉइल वाइंडिंग बघा, तार इन्शुलेट करून घट्ट गुंडाळायची हीच पद्धत दिसेल. फक्त रेशमाच्या जागी आता वार्निश असतं. १८३१ मध्ये त्याने येल कॉलेजसाठी साधारण ६० पौंड लोखंडाचा चुंबक बनवला. त्याने २००० पौंडांहून जास्त, म्हणजे ९०० किलोच्या वर वजन उचललं. तेही एका छोट्या बॅटरीवर.

त्याच वर्षी ऑल्बनीच्या वर्गात भिंतींभोवती मैलभर लांब तार फिरवून त्याने दुसऱ्या टोकाला घंटा वाजवून दाखवली. लांब तारेतून करंट पाठवायचा तर बॅटरीत अनेक सेल एकामागे एक जोडायचे आणि पलीकडच्या चुंबकाला भरपूर वेढे द्यायचे, हे त्याने शोधलं होतं. टेलिग्राफला नेमकं हेच लागणार होतं.

१८३२ मध्ये तो प्रिन्स्टनला गेला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात भारी प्रयोग तिथला, १८३५ च्या आसपासचा. एका मोठ्या चुंबकाला जड वजन लटकवायचं. लांबून येणाऱ्या तारेत एक छोटा चुंबक. लांबच्या सर्किटमधला करंट अगदी क्षीण, वजन उचलायची त्याची ताकदच नाही. पण तो छोटा चुंबक एवढंच करायचा की मोठ्या चुंबकाच्या सर्किटमधला एक जोड हलवायचा. जोड तुटला की मोठा चुंबक मेला, आणि वजन धाडकन जमिनीवर! वर्गातली पोरं दचकत असणार.

यालाच आपण रिले म्हणतो. लहान करंटने काम करायचं नाही, काम करणाऱ्या मोठ्या करंटला फक्त हुकूम द्यायचा.

आता बाबांच्या डेस्कटॉपकडे या. प्लग लावून भिंतीवरचा स्विच ऑन केला की पॉवर सप्लाय पूर्ण झोपलेला नसतो. तो मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, एवढंच. ते पाहून मदरबोर्ड पॉवर सप्लायला इशारा देतो आणि मग खरा करंट सुरू होतो. रिलेची जागा आता ट्रान्झिस्टरने घेतलीय, पण विचार तोच. म्हणून तर बटणाऐवजी स्क्रू ड्रायव्हर चालतो.

१९९५ मध्ये एटीएक्स हा स्टँडर्ड आला आणि तिथून ही पद्धत रुळली. त्याआधीच्या डेस्कटॉपमध्ये घरातली वीज थेट पुढच्या बटणापर्यंत यायची. तसं जुनं मशीन हाती आलं तर त्याच्या बटणाला स्क्रू ड्रायव्हर लावायच्या भानगडीत अजिबात पडू नका. अशा बटणात सर्किट तोडताना ठिणगी पडते आणि तिने हळूहळू आतले पत्रे जळतात. ही ठिणगीही हेन्रीने बारकाईने पाहिली होती. लांब तार, त्यातही गुंडाळलेली तार, बॅटरीपासून तोडताना ठिणगी मोठी पडते हे त्याने १८३२ मध्ये छापलं. करंट बंद व्हायला कॉइल विरोध करते, यालाच आपण सेल्फ इंडक्टन्स म्हणतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तनही त्याने स्वतंत्रपणे शोधलं होतं, पण फॅरेडेने आधी छापलं आणि श्रेय त्याला गेलं. हेन्रीने त्यावरून भांडण केलं नाही.

भांडण झालं ते मोर्सशी. मोर्सचा टेलिग्राफ सुरुवातीला चाळीस फुटांच्या पुढे जात नव्हता. त्याचे सहकारी लेनर्ड गेल यांनी हेन्रीचा १८३१ चा लेख वाचला होता. त्यातली बॅटरी आणि वेढ्यांची युक्ती वापरल्यावर निरोप मैलोनमैल जायला लागला. हेन्रीने स्वतःही मोर्सला सल्ला दिला, सरकारी मदत मिळावी म्हणून १८४२ मध्ये पाठिंब्याचं पत्र दिलं. पेटंट मात्र मोर्सचं. हेन्रीने यातल्या कशाचंही पेटंट घेतलं नाही. विज्ञानातून सापडलेलं सगळ्यांचं असावं असं त्याला वाटायचं. पुढे त्यालाही वाटलं की आपण जरा जास्तच सोवळेपणा केला.

पेटंटचे खटले सुरू झाले तेव्हा १८४९ मध्ये त्याला साक्षीला बोलावलं गेलं. कुणी काय आधी केलं ते त्याने तारखांसकट सांगितलं. मोर्स चिडला आणि १८५५ मध्ये हेन्रीला खोटं ठरवणारं लांबलचक लिखाण छापलं. एव्हाना हेन्री वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख होता, १८४६ पासून. त्याने मोर्सला उलट उत्तर छापलं नाही. आपली कागदपत्रं संस्थेच्या संचालक मंडळापुढे ठेवून चौकशी करा म्हणाला. मंडळाने चौकशी केली आणि हेन्रीचं म्हणणं खरं ठरवलं. मला विचाराल तर मोर्सने एक ओळ आभार लिहिले असते तर हे सगळं टळलं असतं. ओपन सोर्सवाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत असेल.

स्मिथसोनियनमध्ये त्याने टेलिग्राफवरून गावोगावची हवा गोळा करून रोजचा नकाशा लावायला सुरुवात केली. तुमच्या मोबाइलवरच्या वेदर अ‍ॅपचा पणजोबाच म्हणा. १८६५ मध्ये इमारतीला आग लागली आणि त्याचे ढीगभर कागद जळाले. १८७५ मध्ये ग्रॅहॅम बेल त्याच्याकडे आला. कल्पना आहे पण विजेचं ज्ञान कमी पडतंय, म्हणाला. सत्त्याहत्तर वर्षांच्या हेन्रीने त्याला सांगितलं, मग ते मिळव. टेलिफोन पुढच्याच वर्षी आला. हेन्री १३ मे १८७८ ला गेला, आणि १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्याचं नाव एककाला मिळालं.

बटणाची दुरुस्ती राहिलीच. मशीन बंद करा, प्लग काढा. पुढच्या पॅनलमधून आलेल्या बारीक वायरींमध्ये एकावर पॉवर एसडब्ल्यू असं लिहिलेलं असतं. तिचा कनेक्टर जिथे बसतो त्या दोन पिना नीट ओळखून ठेवा आणि कनेक्टर काढा. प्लग लावून त्या दोनच पिना क्षणभर टेकवा, शेजारच्या पिनांना स्क्रू ड्रायव्हर लागू देऊ नका. मशीन चालू झालं तर बटणच खराब आहे. नाही झालं तर दोष दुसरीकडे आहे. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा चार्ज राहू शकतो.

नवीन बटण शोधायच्या आधी रिसेट बटण बघा. तेही तसलंच, क्षणभर जोडणारं. प्लग पुन्हा काढून रिसेटची वायर पॉवरच्या पिनांवर बसवली की काम झालं, वायर उलटसुलट बसली तरी चालतं. खर्च शून्य.

बाबांच्या मशीनला आता रिसेट बटण नाही. जुन्या पॉवर बटणावर मी चिकटपट्टी लावलीय, नाहीतर सवयीने तेच दाबत बसतात. आणि हिशोबाची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन आलोय.