नऊ ग्रॅमचा हिशेब

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या रहिवाशांना काडतूस ही नवलाईची वस्तू नाही. पण काडतुसाची निवड म्हणजे जिवाचा हिशेब असतो, हे जिम कॉर्बेट यांच्या चरित्रातून कळते.

कॉर्बेट १८७५ साली नैनितालला जन्मले. मोकामा घाटावर त्यांनी वीसेक वर्षे रेल्वेच्या मालाची चढउतार सांभाळली. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर त्यांना .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. तिची गोळी जेमतेम ९ ग्रॅमची, खांद्याला धक्का अगदी हलका. दुसरी त्यांची .४५०/४०० दुनळी. गोळी २६ ग्रॅमची, पण तिच्या जातीत धक्का सौम्यच. अंगावर आलेले जनावर थोपवायला दुनळी भारी. डोंगर तुडवायला आणि नेम साधायला रिग्बी बरी. १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या रिग्बीनेच टिपला.

१९३० च्या एप्रिलमध्ये चौगढची वाघीण आठेक फुटांवर अवचित समोर आली. कॉर्बेट यांच्या डाव्या हातात तेव्हा रातव्याची दोन अंडी होती! उजव्या हाताने त्यांनी रिग्बी सावकाश वळवली आणि चाप ओढला. जड दुनळी अशी एका हाताने फिरवणे कठीणच होते. अंडी शाबूत राहिली. त्यांनी ती जागच्या जागी नेऊन ठेवली.

पुढे त्यांनी रायफलीपेक्षा कॅमेराच अधिक जवळ केला. १९५५ साली ते केनियात वारले. त्यांचे नाव मात्र वाघ राखणाऱ्या अरण्याला मिळाले.