मुळा-मुठेच्या माशांना नावे देणारा सैनिक: कर्नल विल्यम साइक्स

सन १८२८. जबलपूरच्या छावणीजवळच्या बडा शिमला टेकडीवर कॅप्टन विल्यम स्लीमन यांना काही दगड झालेली हाडे सापडली. ती डायनोसॉरची होती, हे पुढे सुमारे अर्ध्या शतकाने, १८७७ मध्ये निश्चित झाले. त्याच सुमारास नर्मदेच्या दक्षिणेला, भीमेच्या खोऱ्यात, ईस्ट इंडिया कंपनीचा आणखी एक अधिकारी नदीकाठी तंबू ठोकून वेगळ्याच कामात गढला होता. भोई आणि कोळी यांच्या जाळ्यात सापडलेला प्रत्येक मासा तो मोजत होता, त्याचे वर्णन लिहीत होता आणि त्या माशाला मराठीत काय म्हणतात हेही टिपून ठेवत होता. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

छायाचित्रणाचा शोध जगासमोर येण्यापूर्वीचा हा काळ. पाण्यातला जीव जसा आहे तसा टिपून ठेवण्याचे साधन म्हणजे मोजपट्टी, पेन्सिल आणि शाई एवढेच होते. मासा पाण्याबाहेर काढला की थोड्याच वेळात त्याचे रंग मावळतात, आणि दख्खनच्या उन्हात नमुना टिकवणे तर फारच कठीण. त्यामुळे हाताशी असेल तेवढ्या वेळात जे टिपले जाईल तेच उरणार होते.

सैनिक ते संशोधक

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमध्ये झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी युद्ध पाहिले. १८१० पर्यंत हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांत दुभाषाचे काम करण्याइतकी तयारी त्यांनी केली होती. पुढच्या आयुष्यात तलवारीपेक्षा ही भाषाच त्यांच्या अधिक उपयोगी पडली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांच्या आणि कंपनीच्या फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा साइक्स कंपनीच्या बाजूने लढत होते. काही दिवसांतच पुणे पडले. डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही त्यांचा सहभाग होता. ज्या मुलखातली सत्ता उलथवण्यात त्यांनी हातभार लावला, त्याच मुलखातील पशुपक्षी, माणसे आणि नद्या यांची तपशीलवार नोंद पुढे त्यांच्याकडून झाली. त्यांच्या चरित्रातील हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

१८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांना सरकारचे सांख्यिकी वृत्तलेखक नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या भागांची पाहणी करणे हे त्यांचे काम. लोकसंख्या किती, जमिनी कोणत्या पद्धतीने कसल्या जातात, पिके कोणती, पाऊस किती, हवेचा दाब किती, अशा सर्व बाबींचा त्यात समावेश होता. नव्या सत्तेला सारा वसूल करण्यासाठी ही माहिती हवी होती. साइक्स यांचे कुतूहल मात्र साऱ्याच्या आकड्यांपाशी थांबले नाही.

पक्ष्यांपासून माशांपर्यंत

१८३१ पर्यंत चाललेल्या या भटकंतीतून दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची यादी तयार झाली. पक्ष्यांच्या यादीत सुमारे २३६ जाती होत्या आणि त्यांपैकी ५६ विज्ञानाला नव्या होत्या. तळ्याकाठी मान आखडून बसणारी, सर्वांच्या ओळखीची ढोकरी हीदेखील शास्त्रीय नावाने प्रथम त्यांच्याच लेखात नोंदली गेली. माळरानावरचा एक चंडोल आजही साइक्स यांच्या नावाने ओळखला जातो.

मात्र त्यांचे सर्वांत वेगळे काम माशांवरचे आहे. भीमा, इंद्रायणी आणि मुळा-मुठा या नद्यांतील माशांविषयीचा त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडला गेला. त्याचा सारांश १८३९ मध्ये आणि चित्रांसह संपूर्ण निबंध १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४६ जातींची नोंद असून बहुतेक जाती नव्या म्हणून वर्णिल्या आहेत. योगायोग असा की, दागेर यांच्या छायाचित्रणाच्या पद्धतीची घोषणा पॅरिसमध्ये झाली तेही वर्ष १८३९ हेच होते. दख्खनच्या माशांची ही चित्रे हाताने काढलेली होती, आणि कॅमेरा नुकताच जन्माला येत होता.

भोयांची भाषा, विज्ञानाची भाषा

नव्या जातीला नाव देताना त्या काळचे युरोपीय अभ्यासक लॅटिन किंवा ग्रीक शब्द निवडत, किंवा एखाद्या मित्राचे नाव देत. साइक्स यांनीही काही माशांना लंडनच्या स्नेह्यांची नावे दिली. परंतु बहुतेक ठिकाणी त्यांनी जाळे टाकणाऱ्या माणसाने उच्चारलेला शब्दच लॅटिन लिपीत उतरवला. म्हणून जगभरच्या ग्रंथांत आजही टॉर खुद्री, शिस्मॅटोऱ्हिंकस नुक्ता, गारा मुल्या, लेबिओ पोटैल, सॅल्मोस्टोमा बालुकी ही नावे आढळतात. रोहती हे तर एका संपूर्ण प्रजातीचे नाव झाले. नुक्ता हा इंद्रायणीतला मासा. कपाळावरच्या शिंगासारख्या उंचवट्यामुळे तो चटकन ओळखू येतो. खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. त्याचे मूळ वर्णन पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून झाले आहे.

या नामकरणात एक उणीवही आहे. शब्द राहिले, पण ते सांगणाऱ्या भोयांपैकी एकाचेही नाव जातींच्या त्या नावांत आले नाही. लंडनमधील विद्वानांची नावे माशांना मिळाली. डोहाची खोली आणि माशाची सवय जाणणारा माणूस निनावी राहिला. तरीही त्याची भाषा टिकली, हे श्रेय साइक्स यांना द्यावेच लागते.

त्यांच्या अनेक जातींचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात नाहीत. वर्णने आणि चित्रे एवढाच पुरावा शिल्लक आहे. त्यामुळे पुढच्या मत्स्यशास्त्रज्ञांना काही नावांचा अर्थ लावताना अडचणी आल्या, काही जाती आधीच वर्णिलेल्या ठरल्या. तरी पुष्कळ नावे कसोटीला उतरली आणि कायम राहिली.

इंग्लंडमधील उत्तरायुष्य

मायदेशी परतल्यावर साइक्स १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ मध्ये अध्यक्ष. पुढच्याच वर्षी उठाव झाला आणि १८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपली. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश संसदेत होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

यादी आज का महत्त्वाची

१९४०च्या दशकात आणि त्यानंतरही पुण्याच्या नद्यांतील मासे पुन्हा मोजले गेले, तेव्हा तुलनेसाठी साइक्स यांचीच यादी हाताशी होती. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण झाले, नंतर भीमेवर उजनी झाले. शहराचे सांडपाणी वाढत गेले. त्यांनी नोंदवलेल्या अनेक जाती शहराजवळच्या पात्रात मिळेनाशा झाल्या. कधीकाळी तिथे काय होते हे लिहून ठेवलेले नसते, तर काय गेले हेही कळले नसते.

खुद्रीची कथा थोडी वेगळी आहे. १९७०च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवण येथे या माशाची कृत्रिम पैदास होऊ लागली आणि त्याची पिल्ले देशातील अनेक जलाशयांत सोडली गेली. त्याने जात तगली. पण कावेरीसारख्या परक्या खोऱ्यात तिथल्या मूळच्या महाशीराला या पाहुण्याचा उपद्रव झाला. मासा कोणत्या नदीचा, ही साइक्स यांनी काळजीपूर्वक लिहिलेली बाब किती मोलाची होती, हे त्यावरून ध्यानात येते.

जबलपूरची नर्मदाही या प्रश्नापासून दूर नाही. मध्य प्रदेशने २०११ मध्ये महाशीराला राज्याचा मासा घोषित केले. पावसाळ्यात हा मासा प्रवाहाच्या वर चढतो आणि वाहत्या पाण्यातील गोट्यांमध्ये अंडी घालतो. जबलपूरजवळील बर्गी धरणासारखे बांध त्याची ही वाट अडवतात. वाहते पात्र संथ जलाशय झाले की गोट्यांवर गाळ बसतो आणि अंडी घालण्याची जागाच उरत नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. नदीकाठी जाळ्यात आलेल्या माशाचे चित्र क्षणात टिपता येते, त्याचे रंग मावळण्याआधी. मात्र त्या चित्राखाली नदीचे नाव, दिवस आणि मासा पकडणाऱ्याच्या तोंडचा शब्द लिहिला, तरच त्याची नोंद होते. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या सैनिकाने इंद्रायणीकाठी एवढेच केले होते. त्यामुळेच नुक्ता आणि खुद्री हे शब्द आज जगाच्या ग्रंथालयांत आहेत.